नोकरी करणाऱ्या दत्तक आईची तयारी: रजा, फोन आणि मुलाची माहिती

दत्तक घेऊ पाहणाऱ्या नोकरदार स्त्रीला बहुतेक सल्ला वेळेच्या नियोजनाविषयी मिळतो. नियोजन लागतेच, परंतु या आईकडे आणखी एक काम येते, जे इतर आयांच्या वाट्याला सहसा येत नाही. तिच्या मुलाच्या आयुष्याची सुरुवातीची माहिती इतरांकडे विखुरलेली असते: संस्थेच्या नोंदवहीत, बाल कल्याण समितीच्या (निराधार मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्हा पातळीवरील समितीच्या) आदेशात, रुग्णालयाच्या कागदांत आणि त्याला सांभाळणाऱ्या मावशींच्या आठवणीत. ती वेळेवर गोळा करणे, नीट जपणे आणि मूल मोठे होईपर्यंत इतरांच्या कुतूहलापासून राखणे ही जबाबदारी आईची असते. फोन, पोर्टल, क्लाउड, व्हॉट्सॲप या साऱ्या साधनांकडे मी याच जबाबदारीच्या अंगाने पाहते. पुढील मजकूर भारतात राहून, संस्थेमार्फत दत्तक घेणाऱ्या नोकरदार स्त्रीसाठी आहे. ती विवाहित असो वा एकटी.

नोंदणी करण्यापूर्वी

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ आणि दत्तक विनियम, २०२२ यांनुसार संस्थेतील मूल दत्तक घेण्याचा मार्ग एकच आहे: केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, केअरिंग्ज या पोर्टलवर नोंदणी करणे. नोंदणीनंतर ३० दिवसांत कागदपत्रे अपलोड करावी लागतात आणि त्यानंतर ६० दिवसांत समाजसेविका घरी येऊन गृहभेट अहवाल पूर्ण करते. हा अहवाल तीन वर्षे ग्राह्य असतो. अगदी तान्ह्या, निरोगी बाळाची इच्छा असेल तर आज काही वर्षे थांबावे लागते, त्यामुळे अहवालाची मुदत वाट पाहतानाच संपण्याची शक्यता मोठी असते. मुदत संपण्याच्या सहा महिने आधीची आठवण फोनमध्ये त्याच दिवशी लावून ठेवावी.

नोंदणीसाठी कार्यालयाचा ईमेल मुळीच वापरू नये. प्रतीक्षेच्या काळात नोकरी बदलली तर तो पत्ता बंद होतो आणि पोर्टलवरून येणारी सूचना कोणालाच मिळत नाही. या एकाच कामासाठी स्वतंत्र ईमेल उघडावा, त्याचा पासवर्ड जोडीदाराकडे किंवा विश्वासातल्या एका व्यक्तीकडेही असावा, आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक बदलू नये. कंपनीने दिलेले सिमकार्डही टाळावे.

वयाचे गणित आधीच करून पाहावे. एकट्या स्त्रीला दोन वर्षांपर्यंतचे मूल वयाच्या चाळिशीपर्यंत, दोन ते चार वर्षांचे मूल ४५ पर्यंत, चार ते आठ वर्षांचे ५० पर्यंत आणि आठ वर्षांवरील मूल ५५ पर्यंत घेता येते. दांपत्यासाठी दोघांच्या वयांची बेरीज याच क्रमाने ८५, ९०, १०० आणि ११० अशी मर्यादित आहे, आणि मूल व पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर लागते. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, कोणीही दत्तक घेता येते. ज्यांचे वय या मर्यादांच्या जवळ आले आहे त्यांनी थोड्या मोठ्या मुलाचा विचार मनापासून करावा, असे मला वाटते. तो कमी प्रतीचा पर्याय नाही, आणि नोकरी करणाऱ्या आईला तीन-चार वर्षांच्या मुलाशी बोलून पुष्कळ गोष्टी ठरवता येतात.

गृहभेटीच्या वेळी नोकरीविषयी लपवण्यासारखे काही नसते. आपण कामावर असताना मूल कोणाजवळ असेल, आजारी पडले तर कोण रजा घेईल, आजी-आजोबा किती दिवस राहू शकतील, हे सरळ सांगावे. समाजसेविकेला दिवसभर घरी बसणारी आई शोधायची नसते. आपण या प्रश्नांचा विचार केला आहे की नाही, हे तिला पाहायचे असते.

याच काळात फोनवर आणखी एक धोका येतो. ‘बाळ दत्तक देणे आहे’ अशा फेसबुक पोस्ट, व्हॉट्सॲप संदेश, ‘एका नर्सिंग होममध्ये ओळख आहे’ असे सांगणारे हितचिंतक, हे सारे प्रतीक्षेने थकलेल्या माणसाला खरे वाटू लागते. कायदेशीर प्रक्रिया डावलून मूल घेणे किंवा देणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८० नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे आणि मुलाची खरेदी-विक्री हा कलम ८१ नुसार त्याहून गंभीर गुन्हा आहे. असा संदेश पुढे पाठवू नये. १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे.

अठ्ठेचाळीस तासांची तयारी

पोर्टलवर मुलाची माहिती आली की ते मूल आरक्षित करण्यासाठी ४८ तास मिळतात. त्या माहितीत छायाचित्र, बाल अध्ययन अहवाल (म्हणजे मुलाची पार्श्वभूमी आणि वाढ यांची संस्थेने केलेली नोंद) आणि वैद्यकीय तपासणी अहवाल असतो. ही सूचना बैठकीत असताना, लोकलमध्ये किंवा रात्रपाळीत येऊ शकते. म्हणून तीन गोष्टी आधीच ठरलेल्या असाव्यात: अहवाल वाचून देण्यास तयार असलेले बालरोगतज्ज्ञ, निर्णयाच्या वेळी ज्यांच्याशी बोलायचे अशा एक-दोन व्यक्ती, आणि त्या दोन दिवसांत कार्यालयात आपले काम पाहणारा सहकारी. डॉक्टरांना अहवाल पाठवताना तो थेट त्यांनाच पाठवावा, आणि त्यांचे मत मिळाल्यावर फोनमधून पुसून टाकण्याची विनंती करावी. डोक्याचा घेर, वजनाची वाढ, जन्मवेळचे वजन, श्रवणाची तपासणी, थॅलेसीमिया किंवा एचआयव्हीसारख्या चाचण्या कधी झाल्या, हे विचारावे. एका नोंदीपेक्षा महिन्यागणिक वाढीचा कल डॉक्टरांना अधिक सांगतो.

छायाचित्र मात्र कोणालाही पाठवू नये. ‘फक्त आईला पाठवते’ म्हणून गेलेले छायाचित्र तासाभरात नातेवाइकांच्या तीन ग्रुपवर फिरते, आणि ते मूल अजून आपले झालेलेही नसते. आरक्षणानंतर प्रत्यक्ष भेट आणि स्वीकृती यांसाठी ३० दिवसांची मुदत असते. या टप्प्यावर काही कारणाने नाते जुळले नाही, तर ते छायाचित्र परत घेता येत नाही. शिवाय काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांत उघड करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. आजी-आजोबांना पाहायचेच असेल तर घरी बोलावून आपल्या फोनवर दाखवावे.

रजेचा अर्ज

रजेविषयी कार्यालयाशी बोलणे मूल घरी येईपर्यंत पुढे ढकलू नये. गर्भवती सहकारी दिसते, तिची तारीख सर्वांना ठाऊक असते. दत्तक आईची तारीख कोणालाच ठाऊक नसते, आणि ती कळल्यावर हातात मोजके दिवस उरतात.

मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला प्रथमच १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली, पण तीन महिन्यांपेक्षा लहान बाळासाठीच. मातृत्व लाभासह अनेक कामगार कायदे एकत्र करणारी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० संमत झाली तेव्हा तिच्यातही हीच रचना होती. ही अट किती अडचणीची, हे दत्तक प्रक्रियेकडे पाहिल्यावर लगेच कळते. जन्मदात्यांनी मूल सुपूर्द केले तर त्यांना फेरविचारासाठी दोन महिने दिले जातात. बेवारस सापडलेल्या दोन वर्षांखालील मुलाला दत्तकासाठी मुक्त घोषित करण्याची मुदत दोन महिन्यांची आहे आणि त्याहून मोठ्या मुलासाठी चार महिन्यांची. त्यानंतर पोर्टल, आरक्षण, भेट. इतके सारे तीन महिन्यांच्या आत बसणे फार अवघड असते. म्हणूनच ही अट एका दत्तक मातेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. अर्जाच्या दिवशी लागू असलेली तरतूद मनुष्यबळ विभागाकडून लेखी मागावी, आणि कंपनीचे स्वतःचे दत्तक रजेचे धोरण वेगळे असू शकते, तेही मागावे. केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रीला एक वर्षाखालील मूल दत्तक घेतल्यास १८० दिवसांची बालदत्तक रजा मिळते. त्यासाठी हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असावी लागतात.

अर्ज ईमेलने करावा आणि त्यात रजा ‘मूल ताब्यात मिळाल्याच्या दिनांकापासून’ मागावी, कारण कायद्यातही रजा त्याच दिवसापासून मोजली जाते. दत्तक आदेश नंतर येतो. काही कार्यालये आदेशाची प्रत आल्याशिवाय रजा मंजूर करता येत नाही असे सांगतात; अशा वेळी दत्तकपूर्व प्रतिपालकत्वाचे पत्र, म्हणजे आदेश येण्याआधी मूल पालकांच्या ताब्यात दिल्याचा कागद, हाच त्या टप्प्यावरचा पुरावा आहे, हे नम्रपणे पण ठामपणे लिहावे. मुलाचे अहवाल मात्र जोडू नयेत. मनुष्यबळ विभागाला मूल कोठे सापडले याची माहिती देण्याचे काहीही कारण नाही.

संस्थेतून घरी आणताना

मूल आणायला जाताना बहुतेक पालक कपडे, खेळणी आणि पेढे घेऊन जातात. त्यांसोबत एक वही आणि पूर्ण चार्ज केलेला फोन न्यावा. संस्थेचे कार्यालय कागद देते. मुलाच्या सवयी मात्र त्याला रोज आंघोळ घालणाऱ्या मावशीला ठाऊक असतात. संचालिकांची परवानगी घेऊन तिच्याजवळ निवांत बसावे आणि विचारावे: दूध कोणत्या कंपनीचे, किती पाण्यात, कोमट की गार, झोपताना अंगावर काय लागते, पाठीवर की कुशीवर, कोणत्या आवाजाला घाबरते, कोणत्या नावाने हाक मारतात, शेजारच्या पाळण्यात कोण असे. पुण्यात सोफोशच्या ‘श्रीवत्स’सारख्या किंवा मुंबईत बाल आशा ट्रस्टसारख्या जुन्या संस्थांपासून जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहान शिशुगृहांपर्यंत, मुलाला सांभाळणाऱ्या या स्त्रियाच त्याची पहिली ओळखीची माणसे असतात.

त्या मावशीचा आवाज परवानगीने रेकॉर्ड करून घ्यावा. माझ्या मुलीच्या मावशींनी तिला झोपवताना म्हणायची दोन ओळींची अंगाई फोनवर म्हणून दिली. मध्येच त्या थांबल्या, ‘पाय असे दाबायचे, मग डोळा लागतो’ म्हणाल्या आणि पुन्हा म्हणू लागल्या. पहिल्या रात्री मुलगी कशानेच शांत होईना, तेव्हा मी ते ऐकून तसेच पाय दाबले आणि तीच ओळ स्वतः म्हटली. रेकॉर्डिंग मुलासमोर वाजवावे की नाही, हे मूल पाहून ठरवावे. काही मुले ओळखीचा आवाज ऐकून माणूस शोधू लागतात आणि अधिक रडतात. आईने ते शिकून घेणे मात्र नेहमीच उपयोगी पडते.

मूल ज्या कपड्यांत आले ते लगेच धुऊ नयेत, उशाशी ठेवावेत. दूध, वेळा आणि झोपण्याची पद्धत पहिले काही आठवडे संस्थेतल्यासारखीच ठेवावी व एका वेळी एकच बदल करावा. भरवणे, आंघोळ आणि झोपवणे ही तीन कामे या काळात शक्यतो आईने, किंवा आई-वडील दोघांनीच करावीत. घरात आनंद असतो, प्रत्येकाला बाळ घ्यायचे असते. परंतु हातोहाती फिरणे या मुलाने आधीच पुष्कळ अनुभवलेले असते. बारसे किंवा स्वागताचा समारंभ दोन महिन्यांनी केला तरी काही बिघडत नाही. थोड्या मोठ्या मुलाने पोळी उशीखाली लपवली किंवा पोट भरल्यावरही ताट सोडले नाही, तर रागावू नये. हाताला येईल अशा जागी केळी, चुरमुऱ्यांचा डबा कायम ठेवावा. अन्न संपत नाही, ही खात्री त्याला अनुभवातूनच पटते.

पुढील दोन वर्षे संस्थेची समाजसेविका दर सहा महिन्यांनी पाठपुराव्यासाठी येते. त्या भेटीला परीक्षा समजू नये. झोप, खाणे, राग यांच्या छोट्या नोंदी फोनमध्ये तारखेसह ठेवल्या असतील तर तिच्याकडून खरा सल्ला मिळतो.

कामावर परतल्यानंतर

संस्थेत सांभाळणाऱ्या स्त्रिया पाळीने बदलतात. सकाळची मावशी दुपारी जाते, दुसरी येते. कधी एखादी नोकरी सोडते आणि पुन्हा दिसत नाही. अशा मुलाला सकाळी नऊ वाजता पर्स घेऊन बाहेर पडणारी आई कशी दिसत असेल, याचा विचार आपण करायला हवा. त्यामुळे मूल खेळात रमले असताना गुपचूप निघून जाण्याचा सर्वमान्य उपाय दत्तक आईने वापरू नये. रडले तरी चालेल, सांगूनच निघावे, रोज त्याच शब्दांत सांगावे, आणि जी वेळ सांगितली ती पाळावी. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला ‘सहा वाजता’ ऐवजी ‘तुझा दूध-भात झाला की’ असे सांगावे. उशीर होणार असेल तर पाळणाघरात फोन करून तसे त्याला सांगायला लावावे.

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा असते. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूदही कायद्यात आहे. या दोन्ही गोष्टी मागाव्या लागतात. आपण होऊन क्वचितच कोणी देते.

फोनची मांडणी या आईसाठी थोडी वेगळी असावी. पाळणाघर, घरी सांभाळणाऱ्या मावशी आणि बालरोगतज्ज्ञ या तिघांचेच फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असताना वाजतील असे करावे, आणि उरलेला फोन कामाच्या वेळी शांत राहू द्यावा. घरातला कॅमेरा दिवसभर उघडून बसू नये. त्याने कामही होत नाही आणि मुलालाही काही मिळत नाही. जेवणाच्या सुट्टीतला व्हिडिओ कॉल काही मुलांना आवडतो, काहींना तो आई दिसते पण हाती लागत नाही म्हणून अधिक दुखावतो; आठवडाभर पाहून ठरवावे. त्यापेक्षा आपल्या आवाजातली एक गोष्ट रेकॉर्ड करून दुपारच्या झोपेसाठी ठेवणे मला अधिक उपयोगी वाटते. घरी आल्यावर पहिला अर्धा तास फोन पिशवीतच राहावा. परतलेली आई त्या वेळी पूर्ण परतलेली असावी लागते.

छायाचित्रे, ग्रुप आणि लोकांचे प्रश्न

मूल घरी आल्यावर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो: ‘कुठून आणलं?’ त्यामागे वाईट हेतू असतोच असे नाही. तरीही मूल कोणत्या गावात, कोणत्या अवस्थेत सापडले, जन्मदात्रीविषयी काय ठाऊक आहे, ही माहिती मुलाची आहे. ती त्याच्याआधी मोठ्या काकूंना आणि शेजाऱ्यांना कळली, तर दहाव्या वर्षी ती त्याला भांडणात चुलत भावाकडून ऐकावी लागेल. उत्तर एकदाच ठरवून घरातील सर्वांनी तेच द्यावे: ‘कारातर्फे रीतसर घेतलं. बाकीचं तिचं तिला सांगू.’ हे वाक्य मूल घरी येण्याआधीच कुटुंबाच्या ग्रुपवर लिहावे, आणि सोबत अशी विनंतीही करावी की छायाचित्रे ग्रुपबाहेर जाऊ नयेत व कोणत्याही पोस्टला ‘दत्तक’ हा शब्द, संस्थेचे नाव किंवा घरी आल्याची तारीख जोडली जाऊ नये. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की अनोळखी माणसालाही मुलाचा माग काढता येतो.

आणखी एक प्रतिक्रिया हमखास येते: ‘फार पुण्याचं काम केलंत.’ मूल ऐकण्याच्या वयाचे झाले की या वाक्याला तेथल्या तेथे उत्तर द्यावे. आम्हाला मूल हवे होते आणि ते आले, इतकेच खरे असते. आपल्यावर उपकार झाले आहेत या भावनेखाली कोणत्याही मुलाला वाढावे लागू नये. आईला ‘यशोदा’ म्हणणाऱ्यांचे प्रेम मला कळते, पण यशोदेच्या कथेत मूल मथुरेला निघून जाते, आणि मुलेही गोष्टी पूर्ण ऐकतात.

मुलाला सांगताना

सांगण्यासाठी योग्य वयाची वाट पाहू नये. मूल शब्द समजू लागण्याआधीपासून ‘दत्तक’ हा शब्द घरात प्रेमाने उच्चारला गेला, तर तो बाहेरून धक्का म्हणून येत नाही. कागदांत जेवढे आहे तेवढेच, मुलाच्या वयाला पेलेल अशा शब्दांत सांगावे. ‘तुझी जन्मदात्री आई तुझ्यावर खूप प्रेम करत होती’ असे आपल्याला ठाऊक नसेल तर म्हणू नये. ‘तिला तुला सांभाळणं शक्य नव्हतं, का ते आपल्याला ठाऊक नाही’ हे मुलाला पुढेही खरे वाटेल. ‘आम्ही तुलाच निवडलं’ हेही टाळावे. आजच्या पद्धतीत पालक सहसा मुलांच्या रांगेतून कोणाला निवडत नाहीत, आणि निवडलेली गोष्ट परतही करता येते, हे मुलांना लवकर कळते.

शाळेत ‘माझा वंशवृक्ष’ किंवा ‘माझा जन्मल्या दिवशीचा फोटो’ असा प्रकल्प येतोच. वर्षाच्या सुरुवातीला वर्गशिक्षिकेला भेटून, मुलाची हकीकत न सांगता, सर्वच मुलांना ‘माझ्या घरातली माणसे’ किंवा ‘लहानपणीचा कोणताही फोटो’ असा पर्याय देण्याची विनंती करावी.

कागद आणि त्यांचे जतन

बाल न्याय अधिनियमातील २०२१ च्या दुरुस्तीने दत्तक आदेश देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे दिला. सुनावणी बंद दाराआड होते आणि अर्ज दोन महिन्यांत निकाली काढणे अपेक्षित आहे. आदेशाच्या निदान चार प्रमाणित प्रती घ्याव्यात. त्यावरून पालकांच्या नावाचा नवा जन्मदाखला मिळतो, आणि बाकीची सर्व कामे त्या दाखल्यावर करावीत, आदेशावर नव्हे. शाळेला किंवा बँकेला आदेश दाखवण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नये. आधार काढण्याआधी संस्थेने ते पूर्वीच काढले आहे का, हे विचारावे, कारण तसे असेल तर नवे न काढता तेच दुरुस्त करावे लागते. पाच वर्षांखालील मुलाच्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. ते पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करायचे असतात. कार्यालयाच्या गट आरोग्य विम्यात मुलाचे नाव ताबा मिळताच घालावे, कारण अशा नोंदीसाठी बहुधा थोडेच दिवस दिलेले असतात. आदेशानंतर मूल वारसाहक्कासह सर्व बाबतींत आपलेच ठरते, तेव्हा भविष्यनिर्वाह निधी आणि विमा यांतील नामनिर्देशनही त्याच आठवड्यात बदलावे.

संस्थेचे अहवाल, मावशीचे रेकॉर्डिंग, पहिली छायाचित्रे आणि सवयींची वही यांची एक प्रत पासवर्ड असलेल्या क्लाउड फोल्डरमध्ये, एक हार्ड डिस्कवर आणि एक छापील, अशा तीन ठिकाणी असाव्यात. हा फोल्डर कुटुंबाच्या सामायिक फोटो अल्बमशी जोडलेला नसावा, नाहीतर आजोबांच्या टीव्हीवर एखाद्या संध्याकाळी बाल अध्ययन अहवालाचे पान झळकेल. घरी मागवता येणाऱ्या डीएनए चाचण्या मुलाच्या वतीने आपण करू नयेत. तो निर्णय त्याने मोठेपणी घ्यायचा आहे. दत्तक विनियमांनुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर दत्तक व्यक्तीला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी पालकांसह संयुक्तपणे. जन्मदात्यांच्या गोपनीयतेचा हक्क मात्र त्यात सांभाळला जातो. त्या अर्जासाठी लागणारा नोंदणी क्रमांक, संस्थेचे पूर्ण नाव आणि बाल कल्याण समितीच्या आदेशाचा दिनांक छापील प्रतीच्या पहिल्या पानावर ठळक लिहावा, आणि आपल्या मृत्युपत्रात ही फाइल कोठे आहे व ती कोणी मुलाच्या हाती द्यायची, याची नोंद करावी.